एसटी, आई आणि मेणवली

आज आईला घेऊन स्वारगेटहून एसटीनं वाईला जाऊन आले. २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट, आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आईला तर फुकट. आधार कार्ड तेवढं जवळ ठेवा. ढोल्या गणपतीला हात जोडून रिक्षानं मेणवली गाठली. नाना फडणवीसांचा वाडा सगळेच बघतात, पण त्यामागचा कृष्णेचा घाट चुकवू नका. तिथल्या देवळातली घंटा चक्क पोर्तुगीज चर्चची, १७०७ सालची! वसईच्या मोहिमेनंतर इकडे आली म्हणतात. आई पायरीवर अशी काही ठाण मांडून बसली की उठायलाच तयार नाही. शक्यतो शनिवार-रविवार टाळा. परतीच्या गाडीत खिडकीवरून आमची जुंपली. अर्थातच आई जिंकली. पुढच्या महिन्यात भोर, तिनंच ठरवलंय.