उरलेली तीन मिनिटं

परवा भर दुपारी गंगापूर रोडवरच्या एका मंगल कार्यालयाबाहेर स्कूटरच्या डिकीत आहेराचं पाकीट शोधत होतो. मुहूर्त टळत आलेला आणि नवरदेवाचा पत्ता नाही. बँडवाले कडुनिंबाखाली टेकलेले, लाल कोटांची वरची बटणं उघडी, टोप्या मांडीवर. साइड ड्रमवर चहाचे कागदी कप मांडलेले. आणि त्यांचे मास्तर, साठी कधीच उलटलेली, झाडाला पाठ लावून क्लॅरिनेट वाजवत होते. अगदी हळू. यमनच्या अंगाचं काहीतरी होतं. मला रागातलं कळत नाही, पण तो तीव्र मध्यम लागला की पोटात जरा हलतं, तेवढ्यावरून सांगतोय.

ऐकत कुणी नव्हतं. त्यांचीच पोरं मोबाइलमध्ये होती. मी पाकीट हातात धरून उभा. दोनेक मिनिटं गेली असतील, तोच कोपऱ्यावर गाडी वळली आणि फेटेवाल्या पोरांनी आरोळी ठोकली, "मास्तर, नागीण घ्या, नागीण!" मास्तरांनी एका हाताने टोपी चढवली. क्लॅरिनेट ओठांवरून काढलीसुद्धा नाही. त्याच श्वासात यमनची नागीण झाली.

ही नागीण म्हणजे 'नागिन' सिनेमातली धून, १९५४ सालची. संगीत हेमंतकुमारांचं, आणि ती बीन कल्याणजींनी क्लॅव्हायोलिन नावाच्या विजेवरच्या पेटीवर वाजवलेली, म्हणजे मुळात ती बीन नव्हतीच. सत्तर वर्षं होऊन गेली तरी दातात रुमाल धरून माणसं तिच्यापायी डांबरावर लोळतात. हिट म्हणतात ते हे.

लग्नात जेवताना भाचीला हे सांगितलं, तर ती निराळ्याच गावाला गेली. "मामा, तुझे ते कॅसेटवाले बँड बघ. आता त्यांना कशाची कमी आहे? आता ते स्वतःसाठीच गात असणार." मी मठ्ठ्याचा घोट घेऊन नुसतं 'हं' केलं. कारण 'बँड' हा शब्द माझ्या डोक्यात दोन वेगळ्या खणांत ठेवलेला आहे. एक हा, सुपारी घेणारा. दुसरा कॅसेटच्या कव्हरवरचा, लांब केसांचा, कुठल्या तरी थंड देशातला. दोघांचं सोयरसुतक असेल हे डोक्यातच आलं नव्हतं.

पण घरी आल्यावर चैन पडेना. ब्रिटनच्या रोलिंग स्टोन्स या बँडचंच घ्या. २००५ नंतर स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम काढायला त्यांना २०२३ उजाडलं. मधल्या काळात नवी गाणी करायला म्हणून जमले, हात मोकळे व्हावेत म्हणून लहानपणी ऐकलेली जुनी अमेरिकन ब्लूज गाणी वाजवत बसले, आणि तीन दिवसांत तोच अल्बम झाला. सगळी गाणी दुसऱ्यांची. २०१६ मध्ये तो आला आणि ब्रिटनमध्ये थेट पहिल्या नंबरावर गेला. आता हा स्वतःसाठी धरायचा की हिटसाठी?

यूटू या आयरिश बँडचं उलटं. २०१४ मध्ये त्यांनी नवा अल्बम ॲपलच्या आयट्यून्स या गाण्यांच्या दुकानाच्या पन्नास कोटी खात्यांत फुकट टाकला. लोक खवळले. न मागता घरात पाहुणा आणून बसवल्यासारखं. शेवटी तो काढून टाकायची सोय ॲपलला आठवड्याभरात द्यावी लागली. आणि स्वीडनचा ॲबा? त्यांनी चाळीस वर्षांनी, २०२१ मध्ये, नवा अल्बम केला. पुढच्या वर्षी लंडनमध्ये त्यांचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात स्टेजवर त्यांची संगणकाने केलेली तरुण रूपं उभी राहतात आणि नव्यातली गाणी गातात फक्त दोन. बाकी सगळी नागीण.

त्यांना तरी काय बोलायचं? माझ्या आवडीच्या कुठल्याही म्हाताऱ्या बँडचं नवं गाणं लागलं की मला नेमकी गॅलरीतल्या झाडांना पाणी घालायची आठवण होते. जुनं लागलं की झाडं मेली तरी चालतील. त्यांनी आयुष्यभर पुढे जावं आणि माझ्यासाठी मात्र मी अकरावीत होतो तिथेच थांबावं, अशी माझी साधी अपेक्षा आहे.

अकरावीत आम्ही मेन रोडच्या एका बोळातल्या दुकानातून कॅसेट भरून घ्यायचो. वहीच्या पानावर गाण्यांची यादी द्यायची, इंग्रजी स्पेलिंगं चुकलेली. काका चष्मा कपाळावर सरकवून यादी वाचायचे, मनातल्या मनात मिनिटं मोजायचे. साठची कॅसेट, म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. सात गाणी बसली की दोन-तीन मिनिटं उरायची. दुसरे दुकानदार तिथे नुसती खरखर सोडायचे. आमच्या काकांना ते बघवत नसे. "उरलं होतं, तिथं माझं एक टाकलंय," म्हणायचे. त्याचे पैसे घ्यायचे नाहीत आणि कार्डावर नावही लिहायचे नाहीत. कधी नाट्यपद असायचं, कधी कुठलीशी कव्वाली. ते मध्येच तुटायचं, कारण टेप संपायची.

एकदा त्यांनी एक नुसती वाजवलेली चीज टाकली होती. सुरुवातीला एकटी गिटार, मग मागून हळूच बासरीसारखं काहीतरी, आणि ऐन रंगात आली की खट. आम्ही चिडायचो, यादीतलं आठवं गाणं बसलं असतं म्हणून. ती यादी आज मला एका ओळीनेही आठवत नाही. ही तीन मिनिटं मात्र श्वासासकट पाठ आहेत. पुढे दुकान गेलं, तिथे मोबाइलची कव्हरं आली, आणि काकांना विचारायचं राहिलं ते राहिलंच.

रात्री भाचीला हे सांगितलं. ती म्हणाली, "त्यात काय, मोबाइलसमोर गुणगुण, तो ओळखतो." मी दार लावून घेतलं, घसा साफ केला आणि अख्खी चीज गुणगुणलो, शेवटच्या खटपर्यंत.

मोबाइलने जरा विचार केला आणि नागीण दाखवली.