राइनबेकला आम्ही दुकान मांडत नाही : आमची वाटचाल

न्यू जर्सीतील एडिसन येथे हाताने रंगवलेल्या विणकामाच्या लोकरीचा आमचा छोटा व्यवसाय आहे. तळघरात रंगकाम, गॅरेजच्या अर्ध्या भागात वाळवण व लड्या बांधणे, आणि विक्रीचा मोठा वाटा वर्षातल्या दोन-तीन लोकर-मेळ्यांत, असे त्याचे स्वरूप आहे. नोंदणी २०१४ साली झाली. पण धंद्याची खरी सुरुवात त्याच्याही आधी, न्यूयॉर्क राज्यातील राइनबेक या गावी दर ऑक्टोबरमध्ये भरणाऱ्या मेळ्यात, आणि तीही गिऱ्हाईक म्हणून झाली. विणकामाच्या मैत्रिणींबरोबर आम्ही तिथे जात होतो, आजही जातो, आणि त्या मेळ्यात आमच्या मैत्रिणी कोणती लडी उचलतात व कोणती पुन्हा खाली ठेवतात, हे पाहूनच आमचे बहुतेक व्यावसायिक निर्णय झाले आहेत.

हा गट एडिसन आणि आसपासच्या गावांतील बायकांचा. बहुतेक जणी मराठी, दोघी गुजराती आणि एक निवृत्त अमेरिकी शिक्षिका. सुरुवातीला सगळे विणकाम भारतातून येताना बॅगेत भरून आणलेल्या ॲक्रिलिकच्या गुंड्यांचे असे : नातवंडांची टोपडी, पायमोजे, कानटोप्या. गटातील सर्वांत ज्येष्ठ काकूंना नमुना कागदावर उतरवण्याची सवय नव्हती. ‘दोन सुलट, दोन उलट, आणि मग डोळ्यानं बघायचं’ एवढीच त्यांची कृती. तरीही त्यांच्या स्वेटरच्या दोन्ही बाह्या तंतोतंत सारख्या उतरत. शिक्षिकाबाईंकडे मात्र चरखा होता, त्या स्वतः लोकर पिंजून कातत असत, आणि ‘तुम्ही इतकं सुंदर विणता, मग एकदा खरी लोकर तर पाहा’ असे म्हणून त्यांनीच आम्हाला राइनबेकला नेले.

राइनबेक हे हडसन नदीच्या पूर्वेकडील डचेस काउंटीतील गाव. काउंटीच्या जत्रेसाठी राखलेल्या विस्तीर्ण मैदानावर ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी तेथील मेंढीपालकांची संघटना हा मेळा भरवते. किंग्स्टनजवळच्या पुलावरून नदी ओलांडताना दोन्ही तीरांवरचे मेपल लाल-पिवळे झालेले असतात. आत गेल्यावर एकीकडे मेंढ्यांचे गोठे, अल्पाका आणि अंगोरा ससे. दुसरीकडे लोकर, चरखे, टकळ्या, माग आणि सुया विकणाऱ्यांची दालने. मधल्या वाटांवर तळलेल्या आर्टिचोकसाठी आणि सफरचंदाच्या रसातल्या डोनटसाठी लागलेल्या रांगा. या मेळ्याला जाणारी विणकरीण त्यासाठी उन्हाळाभर खास स्वेटर विणते आणि तोच घालून येते, अशी तिथली रीतच पडली आहे. ऑक्टोबरात एखाद्या वर्षी ऊन चांगलेच तापते, तरी घाम पुसत का होईना, पण स्वेटर कोणी उतरवत नाही. अनोळखी माणसे एकमेकींना थांबवून ‘नमुना कोणता, लोकर कोणाची’ असे विचारतात, आणि प्रश्न विचारता विचारता बाहीचा काठ उलटून आतली बाजूही पाहून घेतात. पैठणीचा पदर उलटून पाहणाऱ्या बायकांना हे शिकवावे लागले नाही.

आमच्यावर सर्वाधिक परिणाम केला तो कच्च्या लोकरीच्या विक्रीने. तिथे एकेका मेंढीची अंगावरून सलग उतरवलेली लोकर पारदर्शक पिशवीत ठेवलेली असते; चिठ्ठीवर जात, वजन आणि पाळणाऱ्याचे नाव असते. शिक्षिकाबाईंनी एका पिशवीतून पेन्सिलीएवढी जाड बट काढली, तिची दोन्ही टोके चिमटीत धरून कानाजवळ नेली आणि झटका दिला. बारीक, टणक आवाज आला, तेव्हा त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या पिशवीतील बट तशाच झटक्याला करकरली आणि मधोमध तुटली. मेंढी आजारी पडली, तिची उपासमार झाली किंवा विताना तिला त्रास झाला, तर त्या काळात वाढलेला केसाचा भाग बारीक राहतो आणि पुढे नेमका तिथेच तुटतो, असे त्यांनी समजावले. मग त्यांनी कातरताना दोनदा कात्री फिरल्यामुळे झालेले आखूड तुकडे, न धुतले जाणारे पिवळे डाग, आणि टोकांना अडकलेले गवत कसे ओळखावे हे दाखवले. काकूंनी पुढच्या पिशवीपाशी स्वतः बट काढून कानाशी धरली. त्या संध्याकाळी परतताना गाडीभर लॅनोलिनचा, म्हणजे मेंढीच्या अंगच्या तेलाचा, वास होता, आणि विकत घेतलेली लोकर घरी गेल्यावर कुठे धुवायची या प्रश्नावर वाद चालला होता. अखेर धुणे आमच्या तळघरात झाले, आणि धंदा तिथे उभा राहिला तो त्यामुळेच.

जाता जाता एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. राइनबेकच्या उत्तरेस, हडसनच्याच काठी, क्लेरमाँट ही रॉबर्ट लिव्हिंगस्टन यांची जहागीर होती. जॉर्ज वॉशिंग्टन यांना १७८९ मध्ये अध्यक्षपदाची शपथ देणारे हेच ते गृहस्थ. फ्रान्समध्ये अमेरिकेचे राजनैतिक प्रतिनिधी असताना त्यांनी १८०२ साली मेरिनो या मऊ लोकरीच्या जातीच्या मेंढ्या तेथून क्लेरमाँटला पाठवल्या, आणि पुढच्या काही वर्षांत मेरिनोचे वेड या प्रदेशात पसरले. आज मेळ्यातल्या बहुतांश दुकानांत मेरिनोच दिसते. ती मात्र बव्हंशी दुसऱ्या गोलार्धातून आलेली असते.

आम्हीही सुरुवात त्याच मेरिनोने केली. यंत्रात धुता यावी म्हणून या लोकरीवर क्लोरीनची प्रक्रिया करून केसावरचे खवले बोथट करतात आणि वर राळेचा पातळ लेप देतात. त्यामुळे ती आटत नाही आणि रंग झटकन व गडद धरते. नव्या रंगाऱ्याला हे सोयीचे पडते. रंगकाम ऐकायला सोपे आहे : लड्या सैल बांधून भिजवायच्या, रंग घालून पाणी हळूहळू उकळीच्या अलीकडे न्यायचे, सायट्रिक आम्ल घालून तसेच ठेवायचे, आणि पाणी नितळ झाले की रंग लोकरीने ओढून घेतला असे समजायचे. कस लागतो तो घाई न करण्यात. लोकर एकदम गरम-थंड केली किंवा ढवळत बसले, तर साध्या लोकरीचा नमदा, म्हणजे केस एकमेकांत गुंतून घट्ट थर, होतो. दुसरे असे की एकाच कृतीने रंगवलेल्या दोन घाण्यांचा रंग कधीही हुबेहूब एक येत नाही. म्हणून स्वेटरसाठी लागणारी लोकर एकाच घाण्यातली घ्यावी, आणि ते न जमल्यास दोन लड्या दोन-दोन ओळींनी आलटून पालटून विणाव्यात, असे प्रत्येक लडीच्या कागदावर आम्ही छापतो.

रंग ठरवताना मैत्रिणींनी कपाटे उघडली. कोणी चिंतामणी रंगाचे नऊवार आणले, कोणी अंजिरी, कोणी आजीची कुसुंबी पैठणी. एकीने खणाचा ब्लाउजपीस आणला आणि तो खिडकीशी धरून हलवला. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असल्याने खण कोनागणिक वेगळा दिसतो, हे आम्ही जन्मभर पाहिले होते, पण लोकरीत ते कसे आणावे हे सुचत नव्हते. शिक्षिकाबाईंनी दोन वेगळ्या रंगांचे एकपदरी सूत कातले आणि त्यांना उलटा पीळ देऊन दुपदरी लोकर करून दाखवली. विणल्यावर तिच्यातून खणासारखी झाक आली. हा प्रकार आम्ही गिरणीकडून करून घेऊ लागलो आणि आजही तोच आमचा सर्वांत चालणारा माल आहे.

भारतीय रंगारी म्हटल्यावर ‘तुम्ही हळदीने रंगवता का’ असा प्रश्न हटकून येतो. हळदीचा पिवळा रंग लोकरीवर क्षणात चढतो आणि दिसतोही सुरेख. परंतु तो उन्हात टिकत नाही, आणि जो रंग गिऱ्हाइकाच्या अंगावर वर्षभरात फिका पडणार, तो पैसे घेऊन देणे आम्हाला मान्य नाही. वनस्पतिजन्य रंगांचा आमचा माल थोडा आहे आणि तो मंजिष्ठा, डाळिंबाची साल व नीळ यांच्यावर चालतो. मंजिष्ठा आणि डाळिंबासाठी लोकर आधी तुरटीच्या पाण्यात मुरवावी लागते. नीळ तुरटीवाचून बसते. पिवळा हवा असेल, तर डाळिंबाच्या सालीचा मळकट पिवळा आम्ही सुचवतो. तो हळदीइतका झगझगीत नसला, तरी राहतो.

विक्रीची पहिली मांडणी आम्ही न्यू जर्सीतच, हंटरडन काउंटीच्या मैदानावर सप्टेंबरमध्ये भरणाऱ्या मेंढीपालकांच्या मेळ्यात केली. पुढे मेरीलँडमध्ये, हॉवर्ड काउंटीच्या मैदानावर मे महिन्याच्या आरंभी भरणाऱ्या मोठ्या मेळ्यातही आम्हाला जागा मिळाली. दुकानावर मैत्रिणी आळीपाळीने उभ्या राहतात, आणि विणलेला नमुना शेजारी टांगलेला असेल तरच लडी विकली जाते, हे त्यांनीच आम्हाला पहिल्या दिवशी सांगितले होते. लडी नुसती पाहून कोणाला काही उमगत नाही. खांद्यावर टाकलेली शाल पाहिली की हात आपोआप पुढे येतो. ते नमुने विणतात मैत्रिणी, आणि त्यांची मजुरी आम्ही लोकरीच्या रूपाने देतो.

मग राइनबेकला दुकान का नाही, असे पुष्कळ जण विचारतात. आमचे हिशेब पाहणारे भावोजी तर दरवर्षी विचारतात, आणि त्यांचा मुद्दा बिनतोड आहे : एवढी गर्दी आणि एवढी खरेदी दुसरीकडे सहसा सापडत नाही. तरीही तो एक मेळा आम्ही मैत्रिणींबरोबर हिंडण्यासाठी राखून ठेवला आहे. दुकानात उभे राहिले की आपल्या टेबलापलीकडचे काही दिसत नाही. गिऱ्हाईक काय विकत घेते हे कळते, पण ते कशापाशी थबकले, काय हातात घेऊन दुसऱ्या दालनापर्यंत विचार करत गेले आणि कशासाठी परत आले, हे फक्त बरोबर चालणाऱ्यालाच कळते. मेळा नवरात्र-दिवाळीच्या मोसमात येतो. २०२५ साली तर त्याचा शनिवार नेमका धनत्रयोदशीला आला. तेव्हा चकल्या आधीच्या आठवड्यात तळून ठेवून, आणि घरच्यांची समजूत घालून सगळ्या जणी आल्या. त्यांतल्या एकीनेही दुकान मांडण्यासाठी म्हणून सण बाजूला ठेवला नसता.

असेच चालता चालता आमच्या लक्षात आले की मैत्रिणी मेरिनोच्या झगमगत्या लड्यांवरून पुढे सरकतात आणि ज्या कागदावर मेंढीची जात व कळपाचा पत्ता आहे तिथे थांबतात. एकीने स्वच्छ सांगितले, ‘रंग तुमच्याकडे आहेतच, ही लोकर कुठली ते आम्हाला सांगा.’ त्यानंतर आम्ही हडसन खोऱ्यातल्या एका पाळणाऱ्याकडून रॉम्नी जातीची लोकर घ्यायला लागलो. रॉम्नी मेरिनोइतकी मऊ नसते, पण तिचा धागा लांब, चकचकीत आणि टिकाऊ असतो. एका मेंढीपासून ८ ते १२ पौंड कच्ची लोकर मिळते. मळ आणि तेल धुऊन गेल्यावर तिचा चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक वजन जाते. त्यात गिरणीचे धुणे, पिंजणे आणि कातणे यांचा खर्च धरला की लडी आयात मेरिनोपेक्षा महाग पडते. मोठ्या बाजारात साध्या लोकरीला इतका कमी भाव येतो की अनेक छोट्या पाळणाऱ्यांची कातरण्याची मजुरीही सुटत नाही, म्हणून लोकर थेट विणणाऱ्यांच्या हाती जाण्याला त्यांच्या दृष्टीने मोठे मोल आहे.

हे गणित आम्हाला अनोळखी नव्हते. आमच्या दुकानात मागच्या बाजूला एक घोंगडी टांगलेली असते, विकण्यासाठी नव्हे. मेरीलँडला कातणाऱ्या एका बाईंनी तिच्या काठातला एक केस अलगद ओढून उजेडात धरला, बोटावर गुंडाळला आणि ‘ही कोणत्या मेंढीची’ असे विचारले. दख्खनी मेंढी, तिला घेऊन पावसापाठोपाठ फिरणारे धनगर, खड्ड्याच्या मागावर विणणारे सणगर आणि ताण्याला लावलेली चिंचोक्याची खळ, हे सारे सांगता सांगता आमच्या टेबलाभोवती गर्दी जमली. तिकडेही लोकर कातरण्याचे पैसे धनगराला पदरचे द्यावे लागतात आणि कित्येकदा लोकर टाकून दिली जाते, हे ऐकून पलीकडच्या दुकानातील मेंढीपालक म्हणाले, ‘म्हणजे तुमच्याकडेही तेच.’ दख्खनी लोकर जाड आणि राठ. अंगालगत घालण्याच्या स्वेटरला ती चालणार नाही, आणि पशुरोगांच्या निर्बंधांमुळे कच्ची लोकर भारतातून इथे आणणे सोपेही नाही. पिशव्या व बैठका यांसाठी ती उत्तम ठरेल, असे आमचे मत आहे; पण त्यात हात घालण्याएवढे भांडवल सध्या नाही, म्हणून तो विषय आम्ही तूर्त बोलण्यापुरताच ठेवला आहे.

२०२० मध्ये राइनबेकचा मेळा मैदानावर भरलाच नाही. त्या वर्षी टपालाने लड्या पाठवून व्यवसाय तगला, एवढेच त्याबद्दल सांगण्यासारखे आहे.

आता रॉम्नीचा हिस्सा मेरिनोच्या बरोबरीला आला आहे. वसंतात कातरलेली लोकर आम्ही पाळणाऱ्याच्या अंगणातच निवडतो. बट कानाशी धरण्याचे काम काकू दुसऱ्या कोणाला करू देत नाहीत. छोट्या गिरण्यांकडे कामाची रांग काही महिन्यांची असल्यामुळे माल जूनपूर्वी तिकडे पोहोचवावा लागतो. येत्या मे महिन्यात मेरीलँडला अंजिरी आणि चिंतामणी या दोनच रंगांत, पण रॉम्नीमध्ये, खणाच्या झाकेची दुपदरी लोकर मांडायची असे ठरले आहे, आणि तिच्या नमुन्याच्या शाली सध्या चौघीजणींच्या सुयांवर आहेत.