आधी कागदावर ४५ अँपिअर, मग सिम्युलेशन

बाहेरून आलेला विद्युतचुंबकीय झटका केबलमध्ये किती करंट ढकलतो, हे काढणारा प्रोग्राम शे-दीडशे ओळींत लिहून होतो. आलेखही झकास येतो. पंचाईत अशी की चुकीच्या प्रोग्रामचा आलेखही तितकाच झकास येतो. उत्तर पटलं नाही की पहिला हात जाळीकडे जातो: केबल हिशेबासाठी ज्या छोट्या तुकड्यांत, म्हणजे सेलमध्ये, कापलेली असते ते सेल निम्मे करून बघितले जातात. चूक तिथे क्वचितच असते. ती बहुतेक वेळा आपण तारेला कोणतं क्षेत्र खाऊ घातलं त्यात असते, नाहीतर टोकांना.

एकच उदाहरण घेऊ. केबल २० मीटर लांब, शील्डची (आतल्या तारांवरच्या धातूच्या आवरणाची) त्रिज्या ५ मिलिमीटर, जमिनीपासून उंची १० सेंटिमीटर, शील्ड दोन्ही टोकांना थेट ग्राउंडला. झटका म्हणजे उंचावरच्या अणुस्फोटाचा पहिला वेगवान भाग, आयईसी ६१०००-२-९ या आंतरराष्ट्रीय मानकातला: शिखर ५० किलोव्होल्ट प्रति मीटर, चढायला २.५ नॅनोसेकंद, अर्ध्या उंचीवरची रुंदी २३ नॅनोसेकंद. दोन घातांकी फलांची वजाबाकी गुणिले ६५ किलोव्होल्ट प्रति मीटर. उतरण्याचा दर सेकंदाला ४ कोटी, चढण्याचा ६० कोटी. लाट थेट डोक्यावरून येते, विद्युतक्षेत्र केबलला समांतर. जमीन सध्या आदर्श वाहक.

तारेचे आकडे: उंचीच्या दुपटीला त्रिज्येने भागलं की ४०, त्याचा नैसर्गिक लॉग ३.६९. त्यावरून इंडक्टन्स ०.७४ मायक्रोहेन्री प्रति मीटर, कपॅसिटन्स १५ पिकोफॅरड प्रति मीटर, लाइनचा इम्पीडन्स २२१ ओहम.

अगरवाल, प्राइस आणि गुरबक्सानी यांच्या १९८० च्या मॉडेलमध्ये लाइनभर एकच स्रोत असतो: तारेच्या उंचीवरचं, तारेच्या दिशेतलं विद्युतक्षेत्र. हे क्षेत्र तार तिथे नसताना जे असतं ते. पण जमीन तिथे असतेच! म्हणजे आलेली लाट अधिक जमिनीवरून परतलेली लाट. नुसती आलेली लाट घातली तर करंट कित्येक पटींनी फुगतो, आणि आलेखाचा आकार इतका साळसूद असतो की शंकाही येत नाही.

परतलेली लाट १० सेंटिमीटर खाली जाऊन वर येते, त्याला ०.६६७ नॅनोसेकंद लागतात. आदर्श जमिनीवरून ती उलट्या चिन्हाने परतते. म्हणून स्रोत = आत्ताचं क्षेत्र वजा ०.६६७ नॅनोसेकंदांपूर्वीचं क्षेत्र. या वजाबाकीचं शिखर १९.७ किलोव्होल्ट प्रति मीटर, तेही झटका सुरू झाल्यावर बरोबर ०.६६७ नॅनोसेकंदांनी. त्यानंतर ते भराभर घसरतं.

आता हातचं गणित. लाट सगळ्या लांबीवर एकाच वेळी पोचते आणि टोकं शॉर्ट आहेत, त्यामुळे व्होल्टेज कुठेच उभं राहत नाही. करंट म्हणजे स्रोताचं कालसंकलन भागिले इंडक्टन्स. संकलनात वजाबाकीमुळे आधीचं सगळं कटतं आणि मूळ झटक्याच्या शेवटच्या ०.६६७ नॅनोसेकंदांचं क्षेत्र उरतं; म्हणून त्याचं शिखर साधारण ०.६६७ नॅनोसेकंद गुणिले ५० किलोव्होल्ट, म्हणजे मीटरमागे ३३.३ मायक्रोव्होल्ट-सेकंद. ०.७४ मायक्रोहेन्रीने भागा: ४५ अँपिअर. पडताळा दुसऱ्या बाजूने घ्या. जमिनीलगत चुंबकीय क्षेत्र दुप्पट होतं; ते गुणिले १० सेंटिमीटर म्हणजे लूपमधून जाणारा फ्लक्स, आणि तो पुन्हा मीटरमागे ३३.३ मायक्रोवेबरच येतो.

प्रोग्रामने हे ४५ अँपिअर दिले पाहिजेत, लाइनवर कुठेही मोजले तरी, आणि व्होल्टेज प्रत्येक नोडवर, म्हणजे सेलांच्या सांध्यावर, शून्य. हे जमेपर्यंत पुढे सरकू नका.

सेल २.५ सेंटिमीटरचा घ्या, म्हणजे ८०० सेल. टाइम स्टेप सेल भागिले प्रकाशाचा वेग, ०.०८३ नॅनोसेकंद, एक सेल एका स्टेपमध्ये नेमका पार होतो आणि अंकीय विखुरणं (जाळीमुळे लाटेचा आकार पसरणं) राहतच नाही. नोडवर व्होल्टेज, नोडांच्या मधोमध करंट, वेळेतही अर्ध्या स्टेपचं अंतर. स्रोताचं क्षेत्र करंटच्या जागी, पण व्होल्टेजच्या वेळेला मोजायचं. इथे परतीचा उशीर नेमक्या ८ स्टेपचा आहे. सेल ६ सेंटिमीटरचा केलात तर तो ३.३३ स्टेपचा होतो, आणि अ‍ॅरेमधून 'तीन स्टेपमागचं' मूल्य उचललंत की ४५ चे ४०.५ अँपिअर होतात. दहा टक्के गेले, आणि दोष जाळीला! अ‍ॅरेतून उचलू नका, सूत्रात उशिराची वेळ थेट घाला.

मग शॉर्ट काढून टोकांना लाइनच्या इम्पीडन्सशी जुळणारे २२१ ओहम लावा. टोकाच्या नोडच्या वाट्याला अर्धाच सेल, म्हणून अर्धाच कपॅसिटन्स येतो. तो पूर्ण धरला की जुळलेल्या टोकावरूनही परावर्तन दिसायला लागतं. आणि या मॉडेलमधून निघतं ते विखुरलेलं व्होल्टेज, म्हणजे तारेमुळे उमटलेल्या क्षेत्राचं, एकूण नव्हे. लाट तिरकी आली की उभ्या क्षेत्राचा जमिनीपासून तारेपर्यंतचा वाटा टोकांच्या अटीत घालावा लागतो आणि उत्तरातही जोडावा लागतो. डोक्यावरून येणाऱ्या लाटेत तो शून्य असतो, म्हणून ही चूक पहिल्या चाचणीत पकडली जात नाही.

आदर्श जमीन धरली की हिशेब सुरक्षित बाजूला राहतो, हा समज इथे उलटा आहे. परावैद्युतांक १० आणि वाहकता ०.०१ सीमेन्स प्रति मीटर अशी माती १८ मेगाहर्ट्झच्या बऱ्याच वर जेमतेम ५२ टक्के क्षेत्र परत पाठवते. वजाबाकी अपुरी राहते आणि स्रोत मोठा होतो, जास्त वेळ टिकतो. पावसाळ्यातली काळी माती आणि मे महिन्यातली भेगाळलेली तीच माती, दोन्ही चालवून बघा. मातीचा स्वतःचा इम्पीडन्सही लाइनमध्ये येतो. त्याचं कॉन्व्होल्यूशन (मागच्या सगळ्या करंटची भारित बेरीज) प्रत्येक स्टेपला सगळा इतिहास उगाळत करण्यापेक्षा तो इम्पीडन्स व्हेक्टर फिटिंगने पाच-सहा ध्रुवांत, म्हणजे साध्या घातांकी पदांत, बसवून रिकर्सिव्ह करावं, म्हणजे फक्त मागच्या स्टेपवरून.

शील्डच्या आत काय पोचतं? करंटचा चढ सेकंदाला सुमारे १४ अब्ज अँपिअर. विणलेल्या शील्डचं ट्रान्सफर इंडक्टन्स (शील्डवरच्या करंटच्या चढाने आत किती व्होल्टेज शिरतं त्याचं माप) मीटरमागे १ नॅनोहेन्री धरलं तर स्रोत १४ व्होल्ट प्रति मीटर. वीस मीटरचे २८८ व्होल्ट मात्र करायचे नाहीत: आत लाट नॅनोसेकंदाला २० सेंटिमीटर जाते, चढाच्या २.५ नॅनोसेकंदांत अर्ध्या मीटरचीच बेरीज जमते, आणि जुळलेल्या टोकावर त्यातले निम्मे, साडेतीन-चार व्होल्ट दिसतात. आता शील्ड ग्लँडमध्ये (केबल पेटीत शिरते तिथल्या धातूच्या कड्यात) चहूबाजूंनी न आवळता ५ सेंटिमीटरच्या पिगटेलने, म्हणजे शील्डपासून काढलेल्या एकाच तारेने, ग्राउंड केली असेल तर? मिलिमीटरला १ नॅनोहेन्रीच्या हिशेबाने ५० नॅनोहेन्री, म्हणजे ७२० व्होल्ट. निम्मेच आत शिरले तरी ३६०. मॉडेलमध्ये ही पिगटेल टोकाच्या रेझिस्टन्सशी सिरीजमध्ये लागते, आणि बहुतेक फाइलींत ती नसतेच.

हे सगळं ट्रान्समिशन लाइन मॉडेल उंची तरंगलांबीच्या दहाव्या भागाच्या आत असेपर्यंत चालतं. १० सेंटिमीटरला ३०० मेगाहर्ट्झपर्यंत. तीच केबल १ मीटर उंच ट्रेवर गेली की मर्यादा ३० मेगाहर्ट्झवर येते आणि हा झटका तिच्या बराच पुढे जातो. तिथे त्रिमितीय जाळी आणि सेलपेक्षा बारीक तारेचं उपमॉडेल लागतं: २२ गुणिले ३ गुणिले ३ मीटर जागा, २ सेंटिमीटरचे सेल, म्हणजे अडीच कोटी सेल आणि नुसत्या क्षेत्रांना ६०० मेगाबाइट. टाइम स्टेप ३८ पिकोसेकंद, २०० नॅनोसेकंदांना सव्वापाच हजार स्टेप. साध्या लॅपटॉपवर बसतं. पहिलं रन मात्र १० सेंटिमीटर उंचीचंच घ्या, कारण तिथलं उत्तर कागदावर आहे.