मेकफाइलमधील व्हेरिएबलचे मूल्य नेमके कोठून येते?

गृहनिर्माण संस्थांच्या हिशेबाचे एक सॉफ्टवेअर आम्ही अंधेरीतून चालवतो आणि त्याची माहितीपुस्तिका स्फिंक्स या दस्तऐवज बनवणाऱ्या साधनाच्या साह्याने, एकाच मूळ मजकुरातून, इंग्रजी व मराठी अशा दोन भाषांत तयार करतो. गिरगाव किंवा मुलुंडमधल्या सोसायटीचे खजिनदार मासिक देखभाल शुल्काची पावती कशी काढायची हे मराठीतच वाचतात. त्यामुळे मराठीच्या फोल्डरमध्ये इंग्रजी पाने प्रसिद्ध झाली, तेव्हा ती गोष्ट आम्हाला किरकोळ वाटली नाही. मजकुरातून पाने तयार करण्याचे हे काम, म्हणजे बिल्ड, आम्ही मेक (येथे ग्नू मेक) या साधनाने चालवतो; कोणते काम (टार्गेट) कोणत्या आज्ञांनी (रेसिपी) करायचे हे मेकफाइल या फाइलीत लिहिलेले असते. आमच्या लॅपटॉपवर तेच टार्गेट चालवले की मराठी पाने व्यवस्थित निघत होती. बिघाड फक्त स्वयंचलित बिल्डच्या सर्व्हरवर होत होता, आणि तेथेही बिल्ड यशस्वी झाल्याचीच नोंद होती.

पहिला संशय साहजिकच अनुवादाच्या फाइलींवर गेला, पण त्या ठीक होत्या. रेसिपीच्या ओळीआधी @ हे चिन्ह असल्यामुळे प्रत्यक्ष चाललेली आज्ञा लॉगमध्ये उमटत नव्हती. मेकला ‘एन’ हा पर्याय दिला की ते आज्ञा चालवत नाही, नुसती छापते, आणि @ असलेल्या ओळीही दाखवते. सर्व्हरवरची स्क्रिप्ट तशी चालवून पाहिल्यावर कळले की तिथल्या आज्ञेत भाषा ठरवणारा पर्यायच नाही.

मेकफाइलमध्ये तो पर्याय स्फिंक्सऑप्ट्स या व्हेरिएबलला, म्हणजे स्फिंक्सचे पर्याय साठवणाऱ्या नावाला, += वापरून जोडलेला होता. सर्व्हरवरची स्क्रिप्ट मात्र, इशाऱ्यांना त्रुटी मानणारा ‘डब्ल्यू’ पर्याय त्याच व्हेरिएबलमधून मेकच्या कमांड लाइनवर देत होती. कमांड लाइनवर मूल्य दिले, की त्या व्हेरिएबलला मेकफाइलमध्ये दिलेले मूल्य ग्नू मेक बाजूला ठेवते, आणि हा नियम मूल्य देणाऱ्या =, := व ?= (आधी मूल्य ठरलेले नसेल तरच देणारे) या चिन्हांइतकाच += लाही लागू आहे. ‘जोडा’ असे लिहिले म्हणजे जोडले जाईल, हा वाचणाऱ्याचा समज अगदी स्वाभाविक असतो; पण मेक येथे जोडत नाही आणि तसे सांगतही नाही. ‘डब्ल्यू’ पर्यायालाही यात काही सापडले नाही, कारण भाषा सांगितली नाही तर स्फिंक्स आमच्या कॉन्फिग फाइलमधली इंग्रजी घेते, आणि त्यात इशारा देण्यासारखे काही नसते.

अशा वेळी व्हेरिएबलचे मूल्य छापून पाहणे पुरेसे नसते. ते मूल्य कोणी दिले हे विचारावे लागते, आणि त्यासाठी मेकमध्ये ‘ओरिजिन’ हे फंक्शन आहे. ‘इन्फो’ फंक्शनमधून त्याचे उत्तर छापले, तेव्हा लॅपटॉपवर ‘फाइल’ आणि सर्व्हरवर ‘कमांड लाइन’ असे आले, आणि शोध तेथेच संपला. हे फंक्शन इतके कमी वापरले जाते याचे मला खरोखर आश्चर्य वाटते.

दुरुस्तीचे दोन मार्ग होते. ‘ओव्हरराइड’ हा शब्द += च्या ओळीआधी लिहिला, की कमांड लाइनच्या मूल्यालाही पुढे जोडता येते. आम्ही तो मार्ग टाळला आणि भाषेसाठी वेगळे व्हेरिएबल करून ते रेसिपीत स्फिंक्सऑप्ट्सच्या शेजारी ठेवले. ग्नूच्या कोडिंग मानकांत सीफ्लॅग्ज या सी कंपायलरच्या पर्यायांच्या व्हेरिएबलबद्दल हेच सांगितले आहे: ते व्हेरिएबल वापरणाऱ्याच्या हाती मोकळे असावे, आणि ज्याच्यावाचून बिल्ड बरोबर होणारच नाही असा पर्याय त्यात ठेवू नये.

याच तपासणीत आणखी दोन गोष्टी पुढे आल्या. स्फिंक्सच्या नव्या तयार मेकफाइलमध्ये पर्यायांचे आणि बिल्ड-आज्ञेचे व्हेरिएबल ?= ने लिहिलेले असते, तर मूळ मजकूर व बिल्ड यांच्या फोल्डरची नावे = ने; त्यामुळे पहिली दोन एन्व्हायर्न्मेंटमधून (मेक सुरू होण्याआधीच बाहेर ठरवलेल्या मूल्यांतून) बदलता येतात आणि उरलेली दोन सहसा बदलत नाहीत. शिवाय एन्व्हायर्न्मेंटमध्ये व्हेरिएबल रिकामे ठेवले असले तरी ?= च्या दृष्टीने ते ठरलेलेच असते आणि मेकफाइलमधले मूल्य लागू होत नाही. दुसरी गोष्ट अधिक धोक्याची आहे. बिल्डच्या फोल्डरचे नाव लिहून त्याच ओळीत # पुढे टिप्पणी दिली, तर # पूर्वीची मोकळी जागाही मूल्याचा भाग होते. अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेल्या पुसण्याच्या आज्ञेत या नावापुढे /* आले, तर मधल्या मोकळ्या जागेमुळे ते वेगळे पडते, आणि शेल (आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) त्याचा अर्थ संगणकाच्या मूळ फोल्डरमधले सर्व काही असा लावते. अशा टिप्पण्या आम्ही सरसकट वरच्या स्वतंत्र ओळीत हलवल्या आहेत.

सर्व्हरवर आता शेवटची एक पायरी वाढवली आहे: मराठी फोल्डरमधल्या प्रत्येक एचटीएमएल पानाच्या पहिल्या टॅगमधील भाषेचा संकेत तपासला जातो, आणि तो मराठीचा नसेल तर पाने प्रसिद्ध होत नाहीत.