पाहुणे सोप्यापर्यंत

२०२० च्या मार्चपर्यंत आमचं पोट हॉटेलांवर चालत होतं. कळंगुट-बागा पट्ट्यातल्या लहान हॉटेलांच्या वेबसाइट करायच्या, खोल्यांचे फोटो चढवायचे आणि सीझन संपला की उधारी वसूल करत फिरायचं. टाळेबंदीत हॉटेलं बंद झाली, उधारीही बुडाली. मी, माझी मावसबहीण आणि कॉलेजातला एक मित्र, तिघंही फोंडा तालुक्यातल्या आमच्या घरच्या माडीवर रिकामे बसलो होतो. तेव्हा मावसबहिणीने रायबंदर-चोडण फेरीबोटीचं चित्र काढलं. धक्क्यावर स्कूटर, मोटरसायकल पायलट (भाड्याने माणूस मागे बसवून नेणारा), मासळीचा टेम्पो, शाळेची पोरं आणि एक गाय. सगळ्यांना एका फेरीत बसवायचं, बोट कलू द्यायची नाही, आणि पलीकडे ज्याला घाई त्याला आधी उतरता आलं पाहिजे. आमचा गेम एवढाच. करायला अडीच वर्षं लागली.

त्या अडीच वर्षांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. जागरणं, उसनवारी आणि आईची बोलणी कुठल्याही लहान धंद्यात असतात. खरं शिक्षण सुरू झालं ते गेम लोकांपुढे ठेवल्यावर. आमच्या धंद्यात अनोळखी माणूस हेच गिऱ्हाईक. गेम तपासून देणारा तोच, चार जणांना सांगणाराही तोच. त्याला दार बंद करून चालत नाही, आणि चोर नेमका त्याचाच वेष घेऊन येतो.

३० ऑगस्ट २०२२. दुसऱ्या दिवशी चवथ. खाली गणपतीवर टांगायची फळापानांची माटोळी बांधणं चाललं होतं. मी स्टुलावर उभा राहून आंबाड्यांचे घोस दोरीला अडकवत होतो. मित्र वर कॉम्प्युटरवर. डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर आमच्या गेमची साडेचारशे माणसांची मंडळी जमली होती आणि तिची देखभाल तो करायचा. तिथे चार-पाच महिने नियमित बोलणाऱ्या एका मुलाने त्याला खाजगीत लिहिलं, ‘मीही पहिला गेम करतोय, दहा मिनिटं खेळून सांग ना कसा वाटतो.’ आम्ही स्वतः दोन वर्षं दारोदार हेच मागत होतो. नाही कसं म्हणणार? मित्राने फाइल उतरवली, उघडली. काळी चौकट क्षणभर चमकली आणि गेली. ‘चालत नाही रे,’ असं कळवून मित्र खाली जेवायला आला.

जेवण अर्ध्यावर असताना मावसबहिणीचा फोन वाजायला लागला तो थांबेना. आमच्याच खात्यावरून साडेचारशे जणांना निरोप गेला होता : चवथीनिमित्त नवा डेमो, इथून उतरवा.

मित्राच्या खात्याला दुहेरी पडताळणी होती. ती का उपयोगी पडली नाही हे आम्हाला मागाहून उमगलं. आपण एकदा आत शिरलो की कॉम्प्युटरवर एक टोकन राहतं, म्हणजे ‘हा माणूस आधीच तपासलेला आहे’ अशी चिठ्ठी. त्या फाइलने पासवर्डला हातच लावला नाही, चिठ्ठीच उचलून नेली. चिठ्ठी दाखवणाऱ्याला ओटीपी कोण विचारतो?

त्यावर आम्ही दुसरी घोडचूक केली. घाईघाईने त्याच कॉम्प्युटरवर बसून पासवर्ड बदलला. डिस्कॉर्डचा पासवर्ड बदलला की जुनी टोकनं बाद होतात, हे बरोबर. पण त्या फाइलने कॉम्प्युटरवरच्या डिस्कॉर्डच्या प्रोग्राममध्येच आपलं माणूस बसवून ठेवलं होतं. नवा पासवर्डही पाच मिनिटांत त्यांच्याकडे. शेवटी इंटरनेटची तार उपटली आणि आईच्या फोनवरून पासवर्ड बदलला, तेव्हा ते बाहेर पडले. चवथीच्या दिवशी आरतीला मित्र नव्हता. तो वर कॉम्प्युटर पुसून विंडोज नव्याने टाकत बसला होता.

आमचं नुकसान एवढ्यावर भागलं. पण दोघांनी आमच्या नावावर विश्वास ठेवून ती फाइल उघडली. त्यातला एक डिचोलीचा, बारावीतला पोरगा. त्याचं स्टीमचं, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानाचं, खातं गेलं. वाढदिवसाच्या पैशांतून घेतलेले सगळे गेम त्यात होते. त्याला फोन करून ‘ती फाइल आमची नव्हती, पण निरोप आमच्याच खात्यावरून आला’ हे सांगायला मला दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी धीर झाला नाही, हे इथे कबूल करतो. खातं परत मिळायला तीन आठवडे गेले. जुन्या खरेदीच्या पावत्या त्याच्या मेलमध्ये होत्या म्हणून मिळालं.

आई वरवर काही बोलली नाही. चवथ झाल्यावर एवढंच म्हणाली, ‘सगळ्यांक सोप्यार बसय, पूण रांदचे कुडींत व्हरूं नाका.’ म्हणजे सगळ्यांना ओसरीवर बसव, पण स्वयंपाकघरात नेऊ नको. तिला डिस्कॉर्ड म्हणजे काय ते ठाऊक नाही. पण आम्ही तेव्हापासून प्रत्येक गोष्टीला हेच विचारतो : हा सोपा की स्वयंपाकघर?

एक जुना लॅपटॉप आम्ही वाळीत टाकला. त्याच्यावर कुठलंही खातं उघडलेलं नाही, कोड नाही, मेल नाही. कोणाचा गेम बघायचा तर त्याच्यावर, घरच्या वायफायवर नाही, फोनच्या हॉटस्पॉटवर. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट लपवून ठेवतं, ती सोय सगळीकडे बंद केली. शेपूट दिसायला लागल्यावर कळलं की ‘प्रकाशन करार’ या नावाची, पीडीएफचं चित्र लावलेली फाइल मुळात डॉट एससीआर होती. म्हणायला स्क्रीनसेव्हर; प्रत्यक्षात तो दोन क्लिकवर चालणारा प्रोग्रामच. असे ‘प्रकाशक’ करार झिपमध्ये कुलूप लावून पाठवतात आणि किल्ली मेलमध्येच लिहितात. कुलूप असलं की अँटिव्हायरसला आत डोकावता येत नाही. करार पाठवणाऱ्याने पासवर्डवाली झिप धाडली की आता आम्ही वाचायचेही कष्ट घेत नाही.

गेम स्टीमवर आला तो फेब्रुवारी २०२३ मध्ये. स्टीम प्रत्येक गेममागे १०० डॉलर घेतं; गेमने हजार डॉलर कमावले तर ते परत मिळतात. पहिल्या आठवड्यात विक्रीपेक्षा मेल जास्त. ‘माझे दोन लाख सबस्क्राइबर आहेत, तीन की पाठवा.’ की म्हणजे तो गेम फुकट उघडून देणारा क्रमांक. आम्ही हरखून चाळीसेक की वाटल्या. महिनाभरात त्यातल्या बऱ्याच परदेशी करड्या बाजारात, म्हणजे की परस्पर विकणाऱ्या साइटवर, निम्म्या किमतीला दिसल्या, आणि व्हिडिओ आला एकाचा.

हे ध्यानात यायला एक सोय कामी आली. स्टीमकडे की मागताना प्रत्येक गठ्ठ्याला नाव देता येतं आणि पुढे कुठलीही की टाकून ती कोणत्या गठ्ठ्यातली ते बघता येतं. सुदैवाने मावसबहिणीने गठ्ठ्यांना नावं दिली होती (मी दिली नसती). वापरल्या न गेलेल्या की आम्ही बाद केल्या. आता मेल आला की आधी त्या चॅनलच्या पानावरचा पत्ता उघडायचा. बहुतेक वेळा मेल आलेल्या पत्त्यात एखादं टिंब नाहीतर एखादं अक्षर जास्त असतं. मग मूळ पत्त्यावर आपणच विचारायचं, ‘हे तुम्हीच का?’ बहुतेकांचं उत्तर नाही असंच येतं. स्टीमवर गेमची शिफारस करणाऱ्या क्युरेटरला की द्यायची गरजच नाही, त्यांना स्टीममधूनच थेट गेम पाठवता येतो. आणि खेळून बघणाऱ्यांसाठी स्टीमचा प्लेटेस्ट आहे. त्यातून विकण्यासारखं काहीच हाताला लागत नाही.

धमक्याही आल्या. ‘वीस की द्या, नाहीतर शंभर वाईट अभिप्राय टाकतो.’ पहिल्यांदा पोटात गोळा आला. मग नियम वाचला : २०१६ पासून, कीने मिळवलेल्या प्रतीवरचा अभिप्राय गेमच्या एकूण गुणांत धरत नाहीत. म्हणजे आमचे गुण खाली आणायचे तर त्याला स्टीमवर शंभर प्रती विकत घ्याव्या लागल्या असत्या. तसं उत्तर लिहिण्याचा मोह झाला, पण लिहिलं नाही. अशा माणसाला उत्तर म्हणजे चहा.

त्याच वर्षी, २०२३ मध्ये, काही गेमकारांची स्टीमची खाती चोरून त्यांच्या गेमच्या अपडेटमध्येच घाण मिसळण्याचे प्रकार झाले. आमच्या चवथीचा तो मोठा भाऊच. मग २४ ऑक्टोबर २०२३ पासून स्टीमने नियम केला : बाजारात असलेल्या गेमची नवी आवृत्ती सगळ्यांसाठी खुली करायची तर फोनवर आलेला कोड टाकावा लागेल. नियम चांगला आहे, फक्त आमच्या घरात पावसाळ्यात एसएमएस येत नाही. रात्री दहा वाजता मी छत्री घेऊन विहिरीच्या कठड्याशी फोन उंच धरून उभा आणि मित्र माडीवरून ‘आला का?’ म्हणून ओरडतोय. शेजाऱ्यांनी याचा काय अर्थ लावला असेल कोण जाणे.

मावसबहिणीचं प्रकरण या सगळ्यापेक्षा वाईट. ती रोज एक चित्र टाकायची, टेबलासकट फोटो काढून. एका माणसाने आधी खूप कौतुक केलं, मग लग्न झालंय का विचारलं, मग एक दिवस तिच्या गावाचं नाव लिहून पाठवलं. कुठेही दिलेलं नसताना! आम्ही तिचे जुने फोटो काढून बसलो. एकात टेबलामागची खिडकी उघडी होती आणि खिडकीत देवळाचा दीपस्तंभ. अंत्रुज महालात, म्हणजे आमच्या फोंड्याकडे, देवळांना तोटा नाही, पण प्रत्येकाचा दीपस्तंभ निराळा, आणि पर्यटकांच्या फोटोंत सगळेच सापडतात.

तिने घाबरून त्याला ब्लॉक केलं आणि सगळं बोलणं पुसून टाकलं. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इनवर तक्रार नोंदवायला गेलो तेव्हा हातात काहीच नव्हतं. दोन महिन्यांनी तो दुसऱ्या नावाने आला, तेव्हा आधी स्क्रीनशॉट घेतले, तारीख-वेळ दिसेल असे, आणि डिस्कॉर्डच्या सेटिंगमध्ये डेव्हलपर मोड लावून त्याचा लांबलचक आकडी क्रमांक उतरवला. नाव रोज बदलता येतं, तो क्रमांक खात्याबरोबरच राहतो. या वेळी तक्रार घेतली गेली. १९३० हा क्रमांक पैसे गेल्यावर लगेच फिरवायचा असतो, हेही तिथेच कळलं. तशी वेळ अजून आलेली नाही.

या प्रकाराने मी पत्त्यांच्या मागे लागलो. मोबाइलवर गेम आणायचा होता, त्यासाठी गूगल प्लेचं वैयक्तिक खातं काढायला बसलो. पंचवीस डॉलर, एकदाच. भरता भरता वाचलं की वैयक्तिक खात्यावरून पैसे कमवायचे असतील तर पूर्ण पत्ता गेमच्या पानावर जगाला दिसतो. म्हणजे आमच्या घराचा, आई दुपारी एकटी असते त्या घराचा. एरवी कोणी म्हणेल, दिसेना का, कोण येतंय एवढ्या लांब! पण गोव्यात घर असण्याची हीच गंमत आहे, जगातला प्रत्येक माणूस कधी ना कधी इकडे येतोच. रागावलेला खेळाडूही डिसेंबरात बीचवर येतो आणि त्याच्याकडे भाड्याची स्कूटर असते.

तेव्हा कुठे आम्ही कंपनी झालो. एलएलपी नोंदवली, फोंड्याच्या वरच्या बाजारात झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि डी-यू-एन-एस हा धंद्याची ओळख पटवणारा क्रमांक काढून संस्थेचं खातं उघडलं. सगळीकडे तोच पत्ता आणि एक वेगळा फोन क्रमांक. लोक विचारतात, तिघांसाठी ऑफिस कशाला? भाडं बसायच्या जागेचं नाही, पत्त्याचं आहे.

बाकी बारीकसारीक. प्रत्येक मोठ्या खात्याला यूएसबीची भौतिक किल्ली, दोन-दोन. एक आमच्या जुडग्यात, दुसरी बँकेच्या लॉकरमध्ये आईच्या पाटल्यांशेजारी. गेमचा कोड तीन ठिकाणी, त्यातली एक हार्डडिस्क मडगावला मावशीकडे, कारण जूनमधली वीज कोणाचंच ऐकत नाही. एकदा मीच गुणतालिकेच्या सर्व्हरची गुप्त की कोड ठेवायच्या उघड्या गिटमध्ये, कोणालाही दिसेल अशी, चढवली आणि ओळ पुसून निश्चिंत झोपलो. गिट जुनं सगळं लक्षात ठेवतं. पुसण्याने काही होत नाही, की बदलावीच लागते. ती बदलेपर्यंत तालिकेत पहिले दहा नंबर एकाच माणसाचे होते.

दुसरा गेम आता अर्ध्यावर आलाय. डिचोलीचा तो पोरगा इंजिनिअरिंगला गेला आणि आमच्या परीक्षकांत सगळ्यात चिकट तोच. गेल्या आठवड्यात नव्या आवृत्तीचा दुवा पाठवला तर तासभर त्याचं उत्तर नाही. मग त्याचा फोन आला.

‘दादा, दुवा तूच पाठवलास ना?’

‘मीच.’

‘मागच्या खेपेला मी कुठली चूक काढली होती सांग.’

‘गाय बोटीतून उतरतच नाही.’

‘बरं, उतरवतो,’ म्हणाला. दुवा की गाय, ते मी विचारलं नाही.