अंगठा घेण्याआधी

"सर, वैद्यकीय नीतिशास्त्र शिकून मुलांच्या पदरात काय पडतं?" पालक मला नेहमी विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितोय.

मी इंटर्न होतो. ऑपरेशनची लिस्ट लागलेली, एका आजींची संमती घ्यायची राहिलेली. फॉर्म इंग्रजीत. मी शाईचं पॅड पुढे केलं. आजींनी पदराला अंगठा पुसला, शाईत टेकवला आणि विचारलं, "कुठं लावू, दादा?" मी जागा दाखवली. तिसऱ्या दिवशी ड्रेसिंग बदलताना त्या हळूच म्हणाल्या, "माझी पिशवी काढली व्हय?"

मला मान वर करवली नाही. संमतीचे नियम मला तोंडपाठ होते, बरं का.

पुढे नीतिशास्त्र शिकताना सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा एक निकाल वाचला. तपासणीसाठी भूल दिलेल्या अविवाहित बाईचं गर्भाशय, बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन काढून टाकलं होतं. न्यायालयाने ती संमती मानली नाही. जिवाला तातडीचा धोका नव्हता, बाई सज्ञान होती. तिला शुद्ध येईपर्यंत थांबायला हवं होतं. वाचताना आजींचा शाईने माखलेला अंगठा डोळ्यांपुढून हलेना.

आता मी शिकवतो, तेव्हा मुलं सगळ्यांत जास्त भांडतात ती अरुणा शानबाग यांच्यावरून. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर १९७३ मध्ये हल्ला झाला आणि त्यानंतर २०१५ पर्यंत, मृत्यू येईपर्यंत, त्या तिथेच अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना भरवणं थांबवून शांतपणे जाऊ द्यावं, अशी याचिका झाली. सांभाळणाऱ्या परिचारिकांनी ठाम नकार दिला. २०११ मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळली, अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. मात्र कडक अटींवर निष्क्रिय दयामरणाची, म्हणजे जगवून ठेवणारे उपचार थांबवून मृत्यू येऊ देण्याची, वाटही त्याच निकालाने उघडली. वर्गात एक मुलगी तावातावाने म्हणाली, "ज्यांनी इतकी वर्षं न्हाऊ-माखू घातलं, त्यांनाच विचारायचं ना!" मागच्या बाकावरून प्रश्न आला, "पण अरुणाताईंना काय हवं होतं?" कुणीच बोललं नाही. २०१८ मध्ये न्यायालयाने आपली इच्छा आधीच लिहून ठेवण्याला मान्यता दिली, ती याच प्रश्नापोटी.

त्याच मुलीला परवा वॉर्डात पाहिलं. पॅड बंद, फॉर्म मांडीवर पालथा. स्टुलावर बसून ती एका मावशींना विचारत होती, "मी काय सांगितलं, ते तुमच्या शब्दांत सांगा बघू." मावशींनी चुकीचं सांगितलं. तिने स्टूल जवळ ओढलं आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं.