बिनडोळ्यांची दोन

सकाळपासून मायक्रोस्कोपला चिकटून बसलेय, मान पार आखडली. उंदराचे तेराव्या दिवसाचे गर्भ, जेमतेम सेंटिमीटरभर, नऊ निघाले. सातांना डोळ्याच्या जागी काळा ठिपका, आणि दोघांना काहीच नाही, नुसती गुळगुळीत कातडी. बघतच बसले.

पॅक्स-६ नावाचा एकच जीन. त्याच्या दोन्ही कॉप्या बिघडल्या की डोळे नाहीत, नाकही नाही, जन्मली तरी पिल्लं लगेच मरतात. एक कॉपी बिघडली तर डोळे बारीक होतात पण जगतात. माणसातही एक कॉपी गेली की डोळ्यातला रंगीत पडदा नीट बनत नाही.

आणि भारी म्हणजे १९९५ साली स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर गेरिंगच्या लॅबने उंदराचा हाच जीन फळमाशीच्या पायात चालू केला तर तिथे डोळा उगवला, तोही माशीचा, उंदराचा नाही!! म्हणजे जीन फक्त 'इथे डोळा कर' एवढंच सांगतो, कसा करायचा ते माशी तिच्या पद्धतीने बघून घेते.

आईला फोनवर हे सगळं उत्साहात सांगितलं, तर म्हणे अगं उंदरांचं राहू दे, तू जेवलीस का?

नाही ना. अजून ट्यूबांना लेबलं लावायचीत 😩